मानखुर्दचे पाणी : वादळे, उधाणे आणि अतिवृष्टी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या संमेलनात याच व्यासपीठावरून आपल्या धवलारिणींच्या गाण्यांविषयी एक रसाळ भाषण झाले. त्या मानाने यंदा कार्यकारिणीने मला नेमून दिलेला विषय कोरडा म्हणावा की ओला, हे मला ठरविता येत नाही. ‘मानखुर्दवर आजवर आलेल्या नैसर्गिक आपत्ती’ या विषयावर बोलावे असे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकार कळविला. मी इतिहासकार नव्हे. एका कारखान्याच्या हिशेबखात्यात हयात घालविलेला मनुष्य आहे. परंतु नकाराचे खरे कारण निराळेच होते, आणि ते आपणांस सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माझ्या वडिलांनी एक चोपडी ठेवली होती. वाण्याच्या दुकानात असते तशी, लांबट, लाल कापडी बांधणीची. बांधाला खांड केव्हा पडली, तिथी कोणती होती, किती माणसे कामाला आली, कोणाच्या शेतात खारे पाणी किती दिवस उभे राहिले, एवढ्याच गोष्टी ते तीत लिहीत. त्यांचे शिक्षण चौथी इयत्तेपर्यंतचे, अक्षर मात्र मोत्यासारखे. ‘हिची एक नक्कल करून ठेव’ असे ते मला किती वेळा म्हणाले असतील याची गणती नाही. आणि प्रत्येक वेळी मी ‘करतो, बाबा’ म्हणून वेळ मारून नेली. ते गेल्यावरही मी नक्कल केली नाही. २६ जुलै २००५ च्या रात्री ती चोपडी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत होती. पाणी उतरल्यावर पेटी उघडली, तो आत लगदा. शाईचा निळसर डाग तेवढा झाकणाच्या आतल्या बाजूस राहिला आहे. आज मी जे सांगणार आहे त्यातील पुष्कळसे वास्तविक त्या चोपडीने सांगावयाचे होते.

प्रथम गावाची बैठक ध्यानात घेऊ. आता उड्डाणपूल, झोपड्यांची दाटी आणि पुनर्वसनाच्या इमारती यांमुळे जमिनीचा उतार डोळ्यांना दिसत नाही. पण पाण्याला तो दिसतो. दक्षिणेस सुमारे ३०० मीटर उंचीचा तुर्भ्याचा डोंगर, पूर्वेस ठाण्याची खाडी, आणि मधे सखल चिखलवट. तुर्भे हे एके काळी साष्टीपासून खाडीच्या पाण्याने तुटलेले बेटच होते. डोंगरावर पडलेला पाऊस खाडीकडे धावतो आणि दिवसातून दोन वेळा खाडी त्याला सामोरी येते. पाऊस व भरती यांची वेळ एक झाली की दोघांच्या मधे सापडते ते मानखुर्द. आपल्या गावाच्या साऱ्या आपत्तींचे मूळ या एका गोष्टीत आहे असे माझे मत आहे, आणि आपल्या वाडवडिलांना ते कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आपण आगरी. ‘आगर’ या शब्दाशी आपले नाव जोडलेले आहे. मीठ पिकविणे आणि खाजणात भात पिकविणे हे आपले परंपरागत धंदे. दोन्ही धंद्यांचा प्राण एकच, तो म्हणजे बांध. खाडीच्या तोंडावरच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणत. चिखल, माती, दगड आणि काटक्या यांनी तो बांधावयाचा व दरसाल दुरुस्त करावयाचा. त्यात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवलेली असे. आजच्या तरुणांना उघाडी म्हणजे काय हे सांगावे लागते, म्हणून सांगतो. बांधातून पाणी जाण्याच्या वाटेवर, खाडीच्या बाजूस, वरून टांगलेले एक लाकडी झडप. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच त्या झडपेला दाबून बंद करी. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडे. ना यंत्र, ना विजेचा खर्च, ना कोणी चावी फिरविणारा! खाडीच्याच जोराने खाडीला बाहेर ठेवणारी ही युक्ती ज्याने प्रथम योजली त्याचे नाव कोणालाही माहीत नाही.

पण उघाडी जितकी शहाणी, तितका बांध नाजूक. खेकड्याने पाडलेले बोटभर भोक उधाणाच्या रात्री हातभर होते आणि पहाटेपर्यंत तेथे बैलगाडी जाईल एवढी खांड पडते. यास्तव अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस बांधावर फेरी घालण्याचा परिपाठ होता. भरतीची वेळ पाहण्यास घड्याळ नको होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. वडील हे तोंडी करीत आणि पाच-दहा मिनिटांपलीकडे चुकत नसत, असे मी अभिमानाने सांगे. पुढे छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तेव्हा चूक कधी कधी अर्ध्या तासाची निघाली. पण अर्ध्या तासाने बांधावरच्या माणसाचे बिघडत नाही.

खांड पडली की हाक घालावी लागे. हाकेला घरटी एक माणूस, हा दंडक. येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. जुन्या गोष्टी सांगताना ‘सारा गाव एकदिलाने धावून येई’ असे म्हणण्याचा आपल्याला मोह होतो. चोपडीत न येणाऱ्यांचीही नावे असत आणि त्यांपुढे दंडाची रक्कम असे. दंड होता म्हणूनच माणसे येत, असे वडील स्वच्छ म्हणत. खारे पाणी एकदा शेतात बसले की दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाईपर्यंत पीक हाती लागत नसे. त्या जमिनीत तग धरणारे तांबडे राता भात तेवढे काही देई. आज शेतकी खात्याच्या यादीत काळा राता, भुरा राता अशी नावे दिसतात, ती याच जातीची. गोड्या विहिरी मचूळ होत, आणि मग डोक्यावर हंडा घेऊन जाण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई, हे समोर बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. दंडाच्या हिशेबात त्या हंड्यांची नोंद मात्र कोठेच नव्हती.

आता वादळांकडे वळतो. मुंबईच्या बाजूच्या वादळांच्या नोंदी बऱ्याच मागे जातात. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर भयंकर उत्पात होऊन सुमारे दोन हजार माणसे दगावल्याची नोंद आहे; काही याद्यांत तिला भूकंप म्हटले आहे, पण ते वादळच असावे असे जाणते मानतात. नोव्हेंबर १८५४ च्या आरंभी आलेल्या तुफानाने अवघ्या काही तासांत सुमारे एक हजार माणसे व पुष्कळ गलबते नेली, असे जुने गॅझेटिअर सांगते. मानखुर्दचे काय झाले, हे त्यात नाही. तेव्हाच्या सरकारी नोंदीत बंदर होते, जहाजे होती, मालाची किंमत होती. खाजणातले गाव नव्हते.

याच ओघात एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘जून १८८२ मध्ये मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली’ असे वाक्य आपण वाचले असेल. जगातील मोठ्या आपत्तींच्या कित्येक याद्यांत ते छापलेले आहे. १८८१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सुमारे पावणेआठ लाख होती. म्हणजे दर आठ माणसांमागे एक मेला असे होईल. कुलाब्याची वेधशाळा त्या काळी चालू होती, शहरात वर्तमानपत्रे निघत होती, आणि एवढ्या संहाराचा मागमूस कोठेही नाही! अलीकडे संशोधकांनी कसून तपास केला आणि हे वादळ झालेच नव्हते असा निर्वाळा दिला. कोणी तरी एकदा लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने त्यावर विश्वास ठेवला. न झालेले वादळ छापले गेले म्हणून शंभर वर्षे टिकले. आपल्या बांधाला पडलेल्या खऱ्या खांडी पत्र्याच्या पेटीत राहिल्या.

विसाव्या शतकात शिरताच आपल्या घरांतील आठवणी सुरू होतात. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणाला गावी निघालेले मुंबईतील कामकरीच त्यांत फार होते. अलिबाग-पेणकडे ज्यांची सोयरीक आहे अशा कित्येक घरांत त्या दिवसाचे नाव काढले की आजही बोलणे थांबते. मी तेथेच थांबतो.

नोव्हेंबर १९४८ चे वादळ आपल्या गावावरून गेले. तेव्हा मी आईच्या पोटात होतो, म्हणून साक्षीदार आहे म्हणावे तर आहे, नाही म्हणावे तर नाही. अरबी समुद्रातील तुफाने बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे, मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत उठतात. नोव्हेंबरात भात कापून शेतात आडवे पडलेले असते, काही उडव्या रचलेल्या असतात, आणि मिठागरांच्या दुरुस्तीस नुकता हात लागलेला असतो. म्हणजे वर्षाची सारी कमाई उघड्यावर असते नेमका तोच काळ. आई सांगे की वारा प्रथम एका अंगाने आला, आणि उडव्यांतील भारे पतंगासारखे वर गेले. आमचे शाकारलेले छप्पर गेले. शेजारच्या कौलारू घरात चार कुटुंबांनी रात्र काढली. त्यांत आमची नव्हती अशी एक जावई-पाहुण्यांची जोडी होती, आणि तिला निजायला जागा म्हणून भाताची कणगी रिकामी करण्यात आली. या गोष्टीवर आई म्हातारपणीही हसे. त्याच वर्षी मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि बांधांच्या दुरुस्तीत सरकारचा हात आला. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला. पण तोवर आपल्याकडचे खाजण शेताच्या हिशेबातून जागेच्या हिशेबात गेले होते.

हा बदल एका दिवसाचा नव्हे. देवनारच्या खाजणात शहराचा कचरा टाकण्यास १९२७ पासून आरंभ झाला. तुर्भ्याच्या पायथ्याशी मोठमोठे प्रकल्प उभे राहिले, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला आगगाडी गेली. या सोयींचा लाभ मीही घेतला. माझी मुलगी पुलापलीकडेच दिली आहे. तेव्हा तक्रार करण्यास मी मोकळा नाही. परंतु प्रत्येक भरावाबरोबर कोठे तरी एक उघाडी बुजली, एवढे नमूद करणे प्राप्त आहे. आमच्या शेताजवळची उघाडी कोणी व केव्हा बुजविली हे मला आजही सांगता येणार नाही. एका उन्हाळ्यात ती होती आणि पुढच्या उन्हाळ्यात तेथे राडारोडा होता.

५ जुलै १९७४ रोजी कुलाब्यास चोवीस तासांत ५७५.६ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याचा तो उच्चांक होय. त्या दिवशी मी कुर्ल्याहून मानखुर्दपर्यंत रुळांवरून चालत आलो. पाणी घोट्यापर्यंत, कोठे गुडघ्यापर्यंत. पण गावात घरे कोरडी होती. वडील ओट्यावर बसून म्हणाले, “ओहोटीला निघून गेलं.” त्या वाक्याचा अर्थ मला एकतीस वर्षांनी कळला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर, आणि त्याच काळात कुलाब्यास अवघे ७३.४. एकाच शहरात एवढे अंतर! वेधशाळेची दोन ठिकाणे, दोन आकडे. मानखुर्द दोहोंपासून दूर. तिथी आषाढ वद्य पंचमीच्या सुमाराची. पंचमीची पाऊणपट म्हणजे पावणेचार. आणि खरोखरच पावसाने कहर केला तो दुपार-संध्याकाळ, सुमारे साडेचार मीटरच्या भरतीच्या आगेमागे. शहरातील जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेले, तेही ओहोटी असेल तर. पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तेव्हाच्या चर्चेतून सर्वांना समजले की नाल्यांची बरीचशी मुखे समुद्राच्या पातळीखाली आहेत आणि भरती आत येऊ न देणारे दरवाजे फारच थोड्यांना आहेत. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. दरवाजे नाहीत म्हणजे उघाड्या नाहीत! चौथी शिकलेल्या माणसांनी बांधात जे ठेवले होते, ते एवढ्या मोठ्या नगरीला ठेवावयाचे राहून गेले होते.

त्या रात्री आमच्या गल्लीत पाणी प्रथम गटारातून वर आले, वरून नव्हे. नऊच्या सुमारास ओटी गेली, दहाला माजघरात कमरेइतके झाले. आम्ही माळ्यावर चढलो. सून तान्ह्या मुलाला घेऊन पुढे, मागे मी. पेटी मला दिसत होती. ती उचलू की शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना हात देऊ, असा प्रश्न क्षणभरही पडला नाही, हे खरे. पण त्याच्या आदल्या वीस वर्षांत नक्कल करण्यास रोज संध्याकाळ मोकळी होती, हेही तितकेच खरे. राज्यात त्या अतिवृष्टीने एक हजारांहून अधिक माणसे गेली. आमच्या गल्लीत चोपड्या, गाद्या आणि धान्य गेले. आम्ही भाग्यवान.

त्यानंतरच्या घटना आपल्या डोळ्यांसमोरच्या आहेत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर उतरले आणि श्रीवर्धनकडच्या सोयऱ्यांच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईच्या जवळून समुद्रातूनच गुजरातेकडे गेले. डोंगराच्या बाजूचे संकट निराळे. जुलै २००० मध्ये घाटकोपरला दरड कोसळून सत्तरांच्या आसपास माणसे दगावली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या वाशीनाका भागात घरांवर भिंत कोसळून एकोणीस जण गेले. ती आपल्या याच तुर्भ्याच्या डोंगराची कूस. १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात घाटकोपरला प्रचंड जाहिरातफलक पडून सतरा माणसे मेली. या शेवटच्या घटनेस नैसर्गिक म्हणावे काय, याविषयी मला शंका आहे. वारा नैसर्गिक होता.

एक समाधानाची गोष्ट. २००५ मध्येच उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य ठरला, आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. आपले पूर्वज तिवरे सरपणासाठी तोडीत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु बाहेरकाठ्यापुढची तिवरे तोडणाऱ्यास ते बोल लावीत. लाट आधी तेथे मोडते, हे त्यांना ठाऊक होते. तसेच २००५ नंतर महापालिकेने ठिकठिकाणी आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसविली. म्हणजे किती पाऊस पडला याची नोंद आता होते. तो आपल्या गल्लीत कोठवर चढला, कोणत्या बाजूने शिरला, कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे होते, हे मापक सांगत नाही.

यासाठी कार्यकारिणीपुढे माझी एक मागणी आहे आणि ती मान्य झाल्याचे अध्यक्षांनी मला आत्ताच सांगितले. मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवली जाईल. ज्या कुटुंबाच्या घरात २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर शिल्लक असेल, त्यांनी ती रंग लावण्यापूर्वी जमिनीपासून मोजावी आणि वहीत लिहावी. ज्यांच्याकडे बांधाच्या वर्गणीच्या पावत्या, मिठागराच्या मजुरीचे हिशेब किंवा जुनी पत्रे असतील त्यांनी मूळ कागद घरीच ठेवून नक्कल आणावी. भगिनींनी विहिरी कोणत्या साली मचूळ झाल्या ते सांगावे. साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वर्षी, एवढे पुरे. ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले असेल ते पाहिलेले म्हणून. १८८२ च्या वादळासारखी एखादी नोंद आपल्या वहीत शिरू नये. आणि त्या वहीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या मजल्यांवर राहतील; ही अट माझी आहे.

पहिले पान मी भरले आहे. वडिलांच्या चोपडीतील मला आठवतात त्या सात नोंदी त्यावर आहेत. तिथी चारांच्याच आठवल्या. हाकेला आलेल्यांची नावे लिहिली आहेत. दंडाची नावे मला आठवतात, पण ती लिहिलेली नाहीत. उरलेल्या तीन तिथी ज्यांच्या घरात कोणाला ठाऊक असतील त्यांनी त्या भराव्यात, आणि माझ्या चारांत चूक असल्यास दुरुस्त करावी. वही आज दाराशी, पानसुपारीच्या टेबलाजवळ ठेवली आहे.